शस्त्रसंधीनंतरचा शिपाई : मराठा पलटणींच्या समुद्रपार मुक्कामाविषयी काही विचार

पनवेलहून पळस्पे, पेण, कोलाड ह्या मार्गाने गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर माणगाव लागते. तेथे नाईक यशवंत घाडगे ह्यांचे स्मारक आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील हा माणगाव तालुक्याचा तरुण १० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात पडला. तुकडीतील बाकीचे सर्व जवान मृत किंवा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, ते ठाणे निकामी केले आणि त्याच जागी गोळी लागून त्यांनी देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांची कबर वा समाधी युद्धभूमीवर कोठेही नाही. कासिनो येथील स्मारकावर नाव मात्र आहे, आणि २०२३ साली उम्ब्रियातील मोंतोने गावीही त्यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारण्यात आली.

युद्धाचा इतिहास सामान्यतः अशा दिवसांवर उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पलटणींच्या इतिहासग्रंथांत लढाईचा एक दिवस दहा पृष्ठे घेतो आणि लढाईनंतरची सहा महिन्यांची छावणी एका परिच्छेदात आटोपते. शिपायाच्या बाजूने पाहिले, तर हे प्रमाण नेमके उलटे असल्याचे आढळते. प्रत्यक्ष लढाईत त्याचे जे दिवस जातात, त्यांच्या कितीतरी पट दिवस पहाऱ्यात, कवायतीत, टपालाची वाट पाहण्यात आणि बोटीच्या प्रतीक्षेत जातात. प्रस्तुत लेखात ज्या काळाचा विचार करावयाचा आहे, तो तोफा थांबल्यानंतरचा, परंतु घरी परतण्याचा हुकूम येण्यापूर्वीचा काळ होय. त्यास मराठीत नेमका शब्द नाही. 'शस्त्रसंधी' हा राज्यकर्त्यांचा व सेनापतींचा शब्द झाला. 'विश्रांती' म्हणावे, तर ती विश्रांती नव्हती. मी येथे 'उसंत' हा शब्द योजतो. उसंत ही मिळावी लागते आणि ती केव्हाही काढून घेतली जाऊ शकते, एवढा अर्थ त्या शब्दात आहे.

माझे म्हणणे असे की, १९४५ ते १९५४ ह्या नऊ वर्षांत मराठा शिपायाने तीन परमुलुखांत मुख्यतः एकच काम केले, ते म्हणजे पहारा. जावातील सुराबाया, पश्चिम जपान आणि कोरियातील निर्लष्करी पट्टा ही ती तीन ठिकाणे. कवायत तीच, रायफल तीच, पुष्कळदा माणसेही त्याच गावांची. बदलले ते एवढेच की, हा पहारा कोणी दिलेल्या शब्दाचा आहे. ब्रिटिश हिंदी शिपायाचा भारतीय सैनिक कसा झाला, ह्या प्रश्नाचे उत्तर आपण लढायांत शोधतो. ते उसंतीच्या काळात अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

प्रथम, युद्ध संपते केव्हा, हा साधा वाटणारा प्रश्न घेऊ. पाठ्यपुस्तकांनुसार पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपले आणि दुसरे सप्टेंबर १९४५ मध्ये. परंतु ब्रिटिश साम्राज्यातील युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या वह्या वेगळे सांगतात. पहिल्या युद्धाचे मृत त्या वह्यांत ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरले जातात, दुसऱ्याचे ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत. राजकारण्यांच्या दिनदर्शिकेपेक्षा ही कारकुनी दिनदर्शिका मला अधिक प्रामाणिक वाटते. १९४७ च्या डिसेंबरात तर ज्या राज्यासाठी शिपाई भरती झाला होता, ते राज्यच उरले नव्हते. तरी त्याचे मरण 'युद्धकाळातील' म्हणून लिहिले जात होते.

घाडगे ह्यांच्या पलटणीचाच वृत्तान्त पाहावा. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी ती '११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री' म्हणून ओळखली जाई. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर ती वेढ्यात सापडली. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली आणि पलटणीचे उरलेले लोक तुर्कांचे कैदी झाले. कैद्यांची जी पायपीट झाली तीत आणि पुढच्या छावण्यांत हजारो मेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. सदतीस वर्षांनंतर, कोरियात, तिचा संदर्भ पुन्हा येणार आहे. १९१८ च्या ऑक्टोबरअखेरीस तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाली, तरी हिंदी सैन्य मेसोपोटेमियातून उठले नाही. १९२० च्या उठावात ते पुन्हा लढले. मधल्या काळात इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई इलाख्यात लाखो माणसे मेली. म्हणजे युद्धभूमीवरचा शिपाई जिवंत, आणि ज्यांच्यासाठी तो पगार पाठवीत होता ती माणसे गावी मृत, अशी उलटी स्थिती अनेक घरांची झाली असली पाहिजे. ह्या विषयावर मराठीत कोणी जिल्हावार काम केल्यास ते मोलाचे ठरेल. येथे त्यात शिरण्यास अवकाश नाही.

दुसऱ्या महायुद्धातील इटलीची मोहीम २ मे १९४५ रोजी संपली. त्याच्या तीनच आठवडे आधी, ९ एप्रिल रोजी, पहिल्या पलटणीच्या नामदेव जाधव ह्यांनी सेनियो नदीच्या काठी जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून पार नेले आणि शत्रूची मशीनगन ठाणी नष्ट केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. त्या वेळी हिंदी सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाखांवर पोहोचली होती. एवढ्या लोकांना घरी पाठविणे हे बोटींचे, रेल्वेचे आणि कागदपत्रांचे काम होते. ते क्रमाक्रमाने, वय आणि नोकरीची वर्षे पाहून, गटागटाने व्हावयाचे होते. युरोपात सर्वांनाच घरी जावयाचे होते आणि बोटी तर मर्यादित होत्या. अशा स्थितीत हिंदी शिपायाचा क्रम केव्हा लागणार, हे ठरविणे त्याच्या हाती नव्हते.

छावणीत दिवस कसे घालवावयाचे, हा सैन्याधिकाऱ्यांपुढचा खरा प्रश्न होता. कवायत, कुस्ती, हॉकी, नाटके आणि शिकवणीचे वर्ग हे त्याचे ठरलेले उत्तर. शिकवणीची भाषा रोमन लिपीतील उर्दू. म्हणजे कोकणातील किंवा घाटावरील कुणबी-मराठा मुलगा, ज्याने शाळेत बाळबोध जेमतेम गिरवली असेल, तो परदेशी छावणीत उर्दू भाषा रोमन लिपीत शिकत असे आणि घरी पत्र मात्र मराठीत लिही, वा लिहवून घेई. तीन भाषा-लिप्यांच्या ह्या ओढाताणीचा त्याच्या मराठीवर काय परिणाम झाला, हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकांसाठी प्रश्न आहे. 'पलटण', 'बराक', 'रसद', 'हुकूम', 'फालतू', 'गारद' इत्यादी शब्द आपल्या खेड्यांत ज्या सहजतेने वावरतात, त्यांपैकी काही मराठेशाहीचे असले तरी काहींना पेन्शनरांनीच दुसरा जन्म दिला असावा.

पत्रांचा उल्लेख आला, म्हणून साधनांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कारण ह्या विषयातील अडचण तेथेच आहे. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायांची पत्रे लष्करी तपासनिसांच्या हातून जात. हे तपासनीस पत्रांतील निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर करून अहवाल तयार करीत. घरची टंचाई, जमिनीचे तंटे, बायकोची काळजी, पगाराविषयीची नाराजी, राजकारणाविषयीचे मत, अशी त्यांची वर्गवारी असे. मूळ पत्र पुढे घरी जाई, चुलीजवळच्या फडताळात पडे आणि काही वर्षांत वाळवीच्या स्वाधीन होई. अहवाल मात्र लंडनच्या आणि दिल्लीच्या दप्तरखान्यांत टिकले. परिणामी मराठा शिपायाच्या मनाविषयी जे काही लेखी उरले आहे, ते बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि तेही सरकारला जे जाणून घ्यावयाचे होते तेवढेच. आज मराठीत लिहिणाऱ्या इतिहासकारास त्या इंग्रजी वाक्याचे पुन्हा मराठी करावे लागते. असे करताना मूळ वाक्य आपल्या हाती आले, असा भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणूनच अशा अहवालांतील एकही वाक्य मी ह्या लेखात अवतरण म्हणून घेतलेले नाही. डेव्हिड ओमिसी ह्यांनी पहिल्या महायुद्धातील अशा पत्रांचा संग्रह १९९९ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून ह्या साधनांचा उपयोग वाढला आहे, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु संग्रहात जो गप्प आहे तो शिपाई समाधानी होता, असे अनुमान काढता येत नाही. त्याला कदाचित लिहिता येत नसेल, किंवा पत्र कोण वाचतो हे त्याला पक्के ठाऊक असेल.

आता सुराबायाकडे वळू. जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली. १७ ऑगस्टला सुकर्णो आणि हत्ता ह्यांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. डच सत्ताधारी अद्याप परतले नव्हते. जपानी सैन्यास निःशस्त्र करणे आणि छावण्यांतील युद्धकैदी व नजरकैदेतील स्त्रीपुरुष ह्यांची सुटका करणे हे काम ब्रिटिशांच्या आग्नेय आशिया कमांडकडे आले, आणि त्या कमांडकडे मोठ्या संख्येने होते ते हिंदी सैन्य. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी तेविसाव्या हिंदी डिव्हिजनची एकोणपन्नासावी ब्रिगेड सुराबायाच्या बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी व सहावी अशा दोन पलटणी होत्या. चौथीने दीड वर्षापूर्वी, मार्च १९४४ मध्ये, मणिपुरात सांगशाक येथे जपान्यांस अडवून धरले होते. त्यातून जगलेला शिपाई, युद्ध संपले म्हणून निश्चिंत झालेला, सुराबायाच्या रस्त्यांवर पहाऱ्यास उभा राहिला.

ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ह्यांनी स्थानिक इंडोनेशियन नेत्यांशी बोलणी करून त्यांची शस्त्रे त्यांच्याकडे राहू देण्याचा समझोता केला होता. २७ ऑक्टोबरला बटाव्हियाहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली, आणि त्यांत अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रे खाली ठेवण्याची आज्ञा होती. मॅलबींचा शब्द त्यांच्याच वरिष्ठांनी मोडला. दुसऱ्या दिवशी शहर पेटले. ब्रिगेड शहरभर लहान लहान ठाण्यांत विखुरलेली होती. प्रत्येक ठाण्यावर हजारोंचा जमाव चालून आला. त्या जमावाकडे जपान्यांची शस्त्रे होती. छावणीतून सोडविलेल्या स्त्रिया व मुले ह्यांना घेऊन निघालेल्या ट्रकांवरही हल्ला झाला. त्या ट्रकांचा पहारा मराठा शिपायांकडे होता. काही ठाणी गोळ्या संपेपर्यंत लढली आणि त्यांतील कोणी परतले नाही. २९ तारखेस सुकर्णो ह्यांना विमानाने आणून युद्धतहकुबी जाहीर करावी लागली. ३० तारखेच्या संध्याकाळी, ती तहकुबी प्रत्यक्षात आणण्यासाठी हिंडत असता, मॅलबी मारले गेले. ज्या इमारतीसमोर हे घडले, तीत मराठ्यांचीच एक कंपनी अडकून पडलेली होती. पुढे १० नोव्हेंबरला पाचव्या हिंदी डिव्हिजनने शहरावर जे आक्रमण केले, ते इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून स्मरले जाते.

ह्या प्रसंगाचा न्याय कसा करावयाचा? इंडोनेशियाच्या दृष्टीने तो स्वातंत्र्ययुद्धाचा आरंभ आहे, आणि त्याविषयी वाद नाही. भारतात काँग्रेसच्या नेत्यांनी हिंदी सैन्य जावात वापरण्यास कडाडून विरोध केला. नेहरूंची सहानुभूती उघडपणे इंडोनेशियनांच्या बाजूस होती. तोही विरोध न्याय्य होता. काही हिंदी शिपाई पलटणी सोडून इंडोनेशियनांस जाऊन मिळाले. परंतु सर्वांस हे शक्य नव्हते, आणि ट्रकमधील मुलांवरचा पहारा सोडून जाणे हे कोणत्याही अर्थाने देशभक्तीचे कृत्य ठरले नसते. येथे मराठा शिपायाची कोंडी स्पष्ट दिसते. कैद्यांस सुखरूप बंदरावर पोहोचविणे हे त्याचे काम चांगले होते. ज्या सत्तेच्या शब्दावर तो ते करीत होता, ती सत्ता आपला शब्द पाळीत नव्हती. घरी त्याच्या मरणाचे कौतुक करण्यास कोणी नव्हते. त्या हिवाळ्यात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले होते, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरातच नाविकांचे बंड झाले. अशा काळात सुराबायात साम्राज्याच्या गणवेशात मेलेला शिपाई कोणाच्याच वीरगाथेत बसत नव्हता. नोव्हेंबर १९४६ अखेर हिंदी सैन्य इंडोनेशियातून निघाले.

जपानमधील मुक्कामाची गोष्ट निराळी. तेथे रक्त सांडले नाही, म्हणून त्याविषयी वाचनीय असे फार थोडे लिहिले गेले आहे. फेब्रुवारी १९४६ पासून ब्रिटिश राष्ट्रकुलाचे सैन्य पश्चिम जपानात येऊ लागले. त्यातील हिंदी ब्रिगेडचे, म्हणजे २६८व्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर के. एस. थिमय्या. तिच्यातील तीन पलटणींपैकी एक पंजाबी, एक गुरख्यांची आणि तिसरी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे नामदेव जाधवांचीच. शिमाने, तोत्तोरी, ओकायामा ह्या प्रांतांत तिला पहारा द्यावयाचा होता. जपानी दारूगोळा शोधून नष्ट करणे, परदेशांतून परतणाऱ्या जपानी सैनिकांची व्यवस्था, कोरियातून चोरून येणाऱ्या होड्यांवर नजर, आणि पाळीपाळीने टोकियोत सम्राटाच्या राजवाड्याबाहेर गारद. सांगशाक, इंफाळ, कांगॉ येथे ज्या शत्रूशी हिंदी सैन्य लढले, त्याच्या सम्राटाच्या दारावर ते आता उभे होते. शिपायाने जपानी लोकांच्या घरी जाऊ नये, त्यांच्याशी स्नेह जोडू नये, असा कडक नियम होता. नियम जेथे कडक तेथे तो मोडणारे असतातच, हे सांगावयास नको.

परंतु ह्या मुक्कामातील खरी विलक्षण गोष्ट तारखांची आहे. पलटण गेली तेव्हा ती सम्राट सहाव्या जॉर्जच्या हिंदी सैन्याची पलटण होती. ३ मे १९४७ रोजी जपानची युद्धत्यागाची नवी राज्यघटना अमलात आली. १५ ऑगस्टला भारत स्वतंत्र झाला. त्याच वर्षी हिंदी सैन्य जपानमधून परत निघाले. दुसऱ्या देशावर ताबा ठेवणाऱ्या सैन्याचा शिपाई स्वतः परतंत्र देशाचा नागरिक होता, आणि तो ताबा चालू असतानाच स्वतंत्र झाला. मध्यंतरी ज्या ब्रिगेडमध्ये तो पंजाबी मुसलमानांशेजारी जेवत होता, त्या ब्रिगेडची माणसे दोन देशांत विभागली गेली. दूर देशी बसून फाळणीच्या बातम्या ऐकणाऱ्या त्या छावणीत शिस्त राहिली, ह्याचे श्रेय तिच्या अधिकाऱ्यांस आणि सुभेदारांस द्यावे लागेल. भारत व पाकिस्तान ह्यांच्या संयुक्त इतिहासविभागाने १९५८ मध्ये 'युद्धोत्तर व्याप्त सैन्ये : जपान व आग्नेय आशिया' ह्या विषयावर ब्रिगेडियर राजेंद्र सिंह ह्यांचा एक स्वतंत्र खंड प्रसिद्ध केला. उसंतीच्या काळास अधिकृत इतिहासात असा स्वतंत्र खंड मिळणे दुर्मीळच. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी बर्मा आणि इटली ह्यांवरील खंड मागतात, हा क्वचितच मागतात.

१९५३ मध्ये थिमय्या पुन्हा पूर्वेकडे निघाले, ह्या वेळी कोरियास, आणि त्यांच्या सोबत होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूर संस्थानातील वडगावचे हे थोरात. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉ येथे एकाच ब्रिगेडमधील दोन पलटणींचे नेतृत्व ह्या दोघांनी केले होते, आणि दोघांसही तेथील पराक्रमाबद्दल डी. एस. ओ. मिळाली होती. आता थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या कैदी-परतपाठवणी आयोगाचे अध्यक्ष होते आणि थोरात भारतीय रक्षक दलाचे सेनापती.

२७ जुलै १९५३ च्या पानमुनजोमच्या शस्त्रसंधीपुढचे सर्वांत अवघड कोडे कैद्यांचे होते. बहुसंख्य कैदी परस्परांस परत दिले गेले, परंतु जे मायदेशी परतण्यास तयार नव्हते अशा सुमारे बावीस हजार सहाशे चिनी व कोरियन कैद्यांचे काय करावयाचे? उलट बाजूकडेही असे ३५९ होते, त्यांत तेवीस अमेरिकन आणि एक ब्रिटिश. ह्या सर्वांस एका तटस्थ देशाच्या पहाऱ्यात ठेवावे, त्यांच्या देशांच्या प्रतिनिधींनी त्यांची समजूत घालावी आणि मग कैद्यांनी आपला निर्णय सांगावा, असे ठरले. तो तटस्थ देश भारत. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही ह्यांनी भारतीय सैनिकांस आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्याचे नाकारले. म्हणून इंचॉनच्या समुद्रातील बोटींवरून हेलिकॉप्टरांनी त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. ज्या देशाची उसंत राखावयाची, त्या देशाने पहारेकऱ्यास दारातून येऊ दिले नाही. तो आकाशातून आला.

ह्या दलात दुसरी पॅराशूट पलटण (मराठा) होती, आणि ही दुसरी पॅरा म्हणजेच घाडगे ह्यांची जुनी तिसरी मराठा. १९४६ मध्ये ती छत्रीधारी झाली, १९४८ मध्ये काश्मिरात झांगडच्या लढाईत उतरली, आणि १९५२ मध्ये तिला नवे नाव मिळाले. कुत येथे १९१६ मध्ये ज्या पलटणीने स्वतः कैद भोगली, ती आता दुसऱ्यांच्या कैदेवर पहारा देण्यास आली होती. १९५३ च्या शिपायास कुतची आठवण कितपत असेल, ह्याविषयी अनुमान करण्यात अर्थ नाही. पलटणींत अशा आठवणी मेसमधील चांदीच्या भांड्यांतून आणि वार्षिक दिनाच्या भाषणांतून टिकतात, शिपायाच्या मनात नव्हे. इतिहासकाराने मात्र त्या जोडून पाहाव्यात.

भारतीयांनी आपल्या छावणीस 'हिंदनगर' हे नाव दिले. भोवती भूसुरुंगांची जमीन, राहण्यास तंबू, आणि थोड्याच आठवड्यांत येणारी कोरियाची थंडी. कैदी काटेरी तारांच्या कुंपणांत सुमारे पाचशेपाचशेच्या गटांनी ठेवलेले होते. हे कैदी दीनवाणे नव्हते. प्रत्येक कुंपणात त्यांच्या स्वतःच्या संघटना होत्या, नेते होते, आणि परत जावे असे ज्याच्या मनात येई त्यास दहशत घालण्याची, प्रसंगी ठार मारण्याची त्यांची तयारी होती. भारतीय सैनिक साम्यवाद्यांचे हस्तक आहेत असे त्यांना शिकविण्यात आले होते. पहिल्याच दिवसांत दगडफेक आणि शिव्या ह्यांनी स्वागत झाले. सप्टेंबर अखेरीस चिनी कैद्यांच्या एका जमावाने मेजर ग्रेवाल ह्या अधिकाऱ्यास कुंपणाच्या आत ओढून नेले. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह, निःशस्त्र, आत गेले. भोवती हजारोंचा आरडाओरडा चाललेला असता ते बसले आणि यजमानांकडे पाहुण्याने करावी तशी चहा-सिगारेटची मागणी त्यांनी केली, अशी ती हकीकत पुढे अनेकांनी सांगितली आहे. तणाव ओसरला, ग्रेवाल सुटले. पण प्रत्येक वेळी असे निभावले नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत कैद्यांनी कुंपण फोडण्याचा प्रयत्न केला तेव्हा पहारेकऱ्यांस गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मारले गेले.

ह्या गोळीबाराचे समर्थन किंवा निषेध करण्यापेक्षा एक गोष्ट ध्यानात घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सुराबायात मराठा शिपायाने गोळी झाडली ती वेढ्यात सापडून, वरिष्ठांच्या मोडलेल्या शब्दाचे फळ म्हणून. कोरियात बळ शक्य तेवढे वापरावयाचे नाही हा नियम त्याच्या स्वतःच्या सरकारने जगापुढे मान्य केलेला होता, आणि गोळी हा त्या नियमाचा पराभव म्हणून नोंदला जात होता. पहारा तोच, परंतु शब्द आपला. ह्या फरकाची जाणीव प्रत्येक शिपायास होती असा माझा दावा नाही. त्याला थंडी, पहाऱ्याचे तास आणि टपाल ह्यांची जाणीव अधिक असणार. परंतु त्याच्या वागण्यावर ह्या शब्दाचे बंधन पडलेले होते, आणि ते बंधन इतरांनी घातलेले नव्हते.

समजूत घालण्याचे काम १५ ऑक्टोबरला सुरू झाले आणि रेंगाळत २३ डिसेंबरला संपले. कैद्यांचे फार थोडे गट तंबूपर्यंत आले. ज्यांनी मन बदलले त्यांची संख्या शेकड्यांतच मोजावी लागते. दोन्ही बाजू भारतावर पक्षपाताचा आरोप करीत राहिल्या. थिमय्यांपुढे तीन वाटा होत्या आणि तिन्ही दोषास्पद: कैद्यांस मोकळे सोडावे, अनिश्चित काळ कोंडून ठेवावे, किंवा ज्यांनी सोपविले त्यांच्या हवाली करावे. २० जानेवारी १९५४ रोजी त्यांनी तिसरी वाट धरली. हिंदनगरच्या कुंपणांतून हजारो कैदी बाहेर पडले आणि दक्षिणेकडे चालू लागले. भारतीय सैनिक दुतर्फा उभे होते. एकवीस अमेरिकनांनी आणि एका ब्रिटिशाने उत्तरेकडेच राहण्याचा निर्णय घेतला, त्यावर पाश्चात्त्य वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे लिहिले गेले.

दक्षिणेकडेही नको आणि उत्तरेकडेही नको, असे म्हणणारे ऐंशीहून अधिक कोरियन व चिनी कैदी मात्र रक्षक दलाबरोबरच बोटीत बसले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये मद्रासला उतरले. पुढे त्यांतील बरेच जण ब्राझील व आर्जेंटिनाकडे गेले. थोडे भारतातच राहिले. रक्षक दलाच्या सर्व कामगिरीत मला हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. ज्या पहारेकऱ्यांवर दगड फेकले, त्यांच्याच देशात राहावे असे काही जणांना पाच महिन्यांच्या सहवासानंतर वाटले. थोरातांस त्यांच्या कामगिरीबद्दल अशोकचक्र, वर्ग दुसरा (आजचे कीर्तिचक्र), मिळाले. पुढे ते पूर्व विभागाचे सेनापती झाले आणि चिनी आक्रमणाच्या एक वर्ष आधी, १९६१ मध्ये, निवृत्त झाले.

नवीन पनवेल येथे बसून हे लिहिताना एक किरकोळ गोष्ट मनात येते. कोरियाहून सुटीवर येणारा कुलाबा जिल्ह्याचा शिपाई मद्रासहून मुंबईस आला असेल, तेव्हा पनवेलपर्यंत रेल्वे नव्हती. माणगाव-महाडकडे जावयाचे तर मोटारीने किंवा किनाऱ्याच्या बोटीनेच. आज ज्या वसाहतीत आपण राहतो, तेथे तेव्हा भातशेती होती. गावी पोहोचल्यावर त्याला विचारले गेले असेल, लढाई कशी होती? त्यावर लढाई झालीच नाही, एवढेच उत्तर त्याला देता आले असते.

हिंदनगरचे तंबू उतरविले गेले, तारा गुंडाळल्या गेल्या. ती जागा आजही निर्लष्करी पट्ट्यातच मोडते. कोरियात १९५३ ची शस्त्रसंधी अद्याप चालू आहे; तहावर कोणाचीही सही झालेली नाही.